धरून ठेवलेली शिंक

मालवणच्या धक्क्यावर सकाळी होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो, आणि ज्याचा आपल्या चेहऱ्यावर ताबा नाही त्याने तिथे उभं राहू नये. तोंडाने बोली लावणारा माणूस पर्यटक तरी असतो किंवा नवशिका तरी. मुरलेल्या माणसाची बोली चेहऱ्यावर उमटते, आणि ती फक्त लिलाव पुकारणाऱ्या गंगारामभायना दिसते. कोणी कानाची पाळी ओढतो. कोणी तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेतो. हौसाबाई डोक्यावरचा पदर बोटभर पुढे घेते. फैसल उजवा डोळा मिटतो.

एवढी गुप्तता जितेंद्रमुळे होती. तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंना मासे पुरवणारा फैसल, आणि बाजारातल्या खानावळींना मासे पुरवणारा जितेंद्र. फैसलला एखादी रास हवी आहे असं कळलं, की जितेंद्रला त्या राशीबद्दल एकाएकी माया दाटून येई आणि तो भाव चढवत सुटे. दोघांच्या वडिलांमध्ये म्हणे एका पापलेटावरून काहीतरी झालं होतं. ते पापलेट कोणी खाल्लं हे आज कोणालाच ठाऊक नाही, पण वैर मात्र दोन्ही घरांनी चांगलं राखलं होतं, मिठात मुरवून.

डोळ्याच्या बोलीत एक धोका होता. गेल्या पावसाळ्यानंतर ऐन लिलावात फैसलला शिंक आली. शिंकताना डोळा मिटतोच. डोळा मिटला की बोली, हे फैसलनेच ठरवून दिलेलं. गंगारामभाय तत्त्वाचे माणूस. फैसलच्या गळ्यात तारल्यांची अख्खी रास पडली, आणि पुढे कित्येक दिवस घरात तळलेल्या, भाजलेल्या, तिखल्यातल्या आणि शेवटी शेजाऱ्यांनी परत केलेल्या तारल्या होत्या. तेव्हापासून लिलावात शिंकायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

म्हणून त्या बुधवारी, शेजारच्या बाईने सुकटीचं पोतं झटकलं आणि फैसलच्या नाकात जगातली सगळी सुकट एकत्र जमली, तेव्हा तो दगडासारखा उभा राहिला. समोर ढोम्याची रास होती. ढोमा त्याला नको होता. मागे जितेंद्र होता. फैसलने तोंड मिटलं, नाक चिमटीत धरलं, श्वास कोंडला आणि डोळे टक्क उघडे ठेवले. शिंक वर आली, तिला वाट दिसेना, ती आतल्या आत दोनदा फिरली आणि कुठेतरी नाहीशी झाली. कुठे गेली ते फैसलला कळलं नाही. समोरच्यांना कळलं.

गंगारामभायनी 'येक, दोन' म्हणून तिसऱ्याला तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"फैसल, तुझ्या डोळ्याक काय झाला रे?"

"खंय काय? काय नाय."

"मेल्या, आरशात बघ जा."

फैसलने जवळच्या स्कूटरच्या आरशात पाहिलं. उजव्या डोळ्यातल्या पांढऱ्या भागावर, बुबुळाला चिकटून, कोणीतरी कोकमाचं आगळ सांडून पुसायला विसरलं होतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, दिसत तर नेहमीसारखंच होतं. आरशात मागे उभा असलेला जितेंद्र दिसत होता, आणि तो भाव चढवायचंही विसरला होता. डोळ्याच्या मालकाला काहीच होत नाही आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, असा हा उफराटा आजार होता.

आता हे सगळं नेमकं त्याच आठवड्यात व्हायला नको होतं. देवबागला नम्रताचा होमस्टे आहे. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर तिने नव्याने चार खोल्या बांधल्या होत्या, आणि येत्या रविवारी तिथे पहिलं लग्न लागणार होतं. जेवणात सुरमई. ती फैसलने आणायची. नम्रताने सरळ सांगितलं होतं: सुरमई चांगली आली तर वर्षभराचे मासे तुझ्याकडून, नाहीतर जितेंद्र रोज फोन करतोच आहे. बाकीचे होमस्टे जे करतात ते नम्रताकडे बघून करतात. म्हणजे रविवारची सुरमई हातची गेली, की फैसलचा अर्धा धंदा जितेंद्रच्या टेम्पोत जाऊन बसणार होता.

त्या दुपारी तो नम्रताकडे पोचला, तेव्हा डोळ्याचा फोटो त्याच्या आधी पोचला होता.

"तुझे डोळे इले हत," ती दारातूनच म्हणाली.

"डोळे येवूक नाय. ह्या रक्त आसा."

"रक्त? ता तर वायट. लग्नाक मुंबैची माणसां येतली, आणि तू असलो डोळो घेवन सुरमई कापतलंस?" मग लग्नाची गोष्ट असल्यामुळे ती शुद्ध मराठीत शिरली. "हे बघ, डॉक्टरने सांगितल्याशिवाय तू माझ्या घरी मासे आणायचे नाहीत. संसर्ग नाही असं डॉक्टरने मला फोनवर सांगायला हवं. नाहीतर मी जितेंद्रला सांगते."

घरी अम्मीने, म्हणजे बानूने, डोळा पाहिला, हात कपाळाला लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "केल्लंस काय तू?"

"शिंक धरलंय."

बानू खुर्चीवर बसली. तिच्या मते निदान झालं होतं. "शिंक इली की माणूस अल्हम्दुलिल्ला म्हणता. शिंक म्हणजे अल्लान दिलेली मोकळीक, तिचे आभार मानूचे. तू शिंकच भायर येवूक दिलंस नाय. मगे आभार खंय जातले? ऱ्हवले आत अडकान. डोळो फुटात नायतर काय होयत?"

वैद्यकशास्त्राने यावर अजून मत दिलेलं नाही. पण त्यानंतर जी निदानं झाली त्यांच्या मानाने हे फारच शास्त्रशुद्ध होतं.

शेजारची हौसाबाई मीठमोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन दृष्ट काढायला आली. मिरच्या चुलीत टाकल्यावर घरातल्या सगळ्यांचे डोळे लाल झाले. तेवढ्यापुरता फैसल माणसांत आला. मग कोणी काकडी आणली, कोणी गुलाबपाणी सुचवलं, कोणी म्हणालं डोळ्यावर ताज्या बांगड्याची तुकडी ठेव, उष्णता खेचून घेते. बांगड्याची तुकडी ठेवली. तिने फक्त मांजर खेचून आणलं.

शेवटी आले गुलामचाचा. फैसलच्या मरहूम वडिलांचे हे धाकटे भाऊ उभी हयात मालवाहू बोटीवर खलाशी होते, आणि माणसाला होऊ शकणारा प्रत्येक रोग त्यांनी कुठल्या ना कुठल्या बंदरात कोणाला तरी झालेला पाहिला होता. त्यांच्या गोष्टींत रोग वेगवेगळे असत, शेवट मात्र सहसा एकच.

"मोम्बासात आमच्या कप्तानाक अश्शीच शीर फुटलेली," चाचा म्हणाले.

"मगे?"

"मगे काय. बरो माणूस होतो."

"मेलो?"

"तेव्हा नाय. नंतर, खूप वर्सांनी. पण डोळो मधान बरो झाल्लो. मध घालूचो. सकाळी उठान, उपाशी पोटी."

डोळ्यात घालायच्या औषधाचा पोटाशी काय संबंध, हे विचारायची घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. गुरुवारी सकाळी धक्क्यावर निघताना चाचांनी फैसलची मान मागे केली आणि लाल डोळ्यात रानमधाचा चांगला ठसठशीत थेंब सोडला, आणि गुण बघायला स्वतःही बरोबर निघाले.

मधाला धक्क्यावर पोचेपर्यंत धीर होता. लिलाव सुरू झाला आणि डोळ्यात मुंग्यांचं वारूळ फुटलं. त्या दिवशी पहिली रास होती खाडीच्या जित्या कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची. नांग्या सुतळीने बांधलेल्या, तीन टोपल्यांत एकमेकींवर चढून बघणाऱ्या. फैसलला कुर्ल्या नको होत्या. बानूच्या घरात कुर्ली शिजतच नसे, तिचं भांडंसुद्धा नव्हतं. पण गंगारामभायनी भाव पुकारला आणि फैसलचा डोळा मिटला.

गंगारामभायनी भाव चढवला. डोळा पुन्हा मिटला.

बाकी कोणी बोलतच नव्हतं. हौसाबाईचा पदर जागच्या जागी होता. जितेंद्र हाताची घडी घालून आभाळ बघत होता. भाव मात्र चढत चालला होता, कारण फैसल फैसलवर बोली लावत होता आणि माघार घ्यायला दोघंही तयार नव्हते. त्याने डोळा बोटांनी उघडा धरायला हात वर केला. गंगारामभायनी तो नव्या पद्धतीचा इशारा समजून आणखी चढवला.

"फैसल," शेवटी गंगारामभाय न राहवून म्हणाले, "तुझ्यासमोर कोण नाय रे. थांबतंस काय?"

"मी कंदीच थांबलंय," फैसल कळवळून म्हणाला, आणि त्याचा डोळा मिटला.

"तीन," गंगारामभाय म्हणाले.

अशा रीतीने फैसल, गुलामचाचा आणि घरी शिजत नसलेल्या कुर्ल्यांच्या तीन टोपल्या धक्क्यावरून थेट सरकारी दवाखान्यात पोचल्या. टोपल्या उन्हात ठेवता येईनात, म्हणून त्याही रांगेत उभ्या राहिल्या.

केसपेपरच्या खिडकीत बसलेल्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "काय झालंय?"

"डोळो लाल झालोहा," फैसल म्हणाला आणि दवाखाना असल्याचं आठवून भाषा बदलली. "डोळा लाल झाला आहे."

"कशाने?"

एवढ्यावर शिंक म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण चाचांना शिंक हे कारण घराण्याला शोभेसं वाटेना. ते पुढे झाले. "लिलावात झाला. ऐन बोलीच्या वेळी. आणि जितेंद्र बरोब्बर मागे उभो होतो."

बाबूंनी मान वर केली. डोळा पाहिला. मान हलवली. "म्हणजे मारहाण. पोलिसांचं पत्र लागेल."

"मारहाण नाही हो, शिंक."

"सगळे असंच म्हणतात. कोणी पायरीवरून पडतं, कोणाला दार लागतं. तुम्ही शिंकलात. आवारातच चौकी आहे, पत्र घेऊन या."

चौकीतले हवालदार शांत, अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी फैसलला पाणी दिलं आणि विचारलं, "कोणी मारलं?"

"कोणी नाही."

"मग तक्रार कोणाविरुद्ध?"

"तक्रार नाही. पत्र हवं आहे."

"तक्रार नसेल तर पत्र कसं देणार? आणि पत्राशिवाय तपासणार नाहीत." हवालदारांना स्वतःलाच या रचनेचं कौतुक वाटलं असावं, कारण ते जरा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. "तो जितेंद्र कोण म्हणालात?"

फैसलने नको नको म्हणेपर्यंत चाचांनी नंबर सांगून टाकला होता.

जितेंद्र आला तो टेम्पोचं दार न लावताच. घामाने निथळत, कपाळाची शीर तट्ट फुगलेली, आणि आवाज देवबागच्या टोकाला पोचेल असा. "मी मारलंय? मी? अरे, मी ह्याच्या सावलेक पण हात लावूक नाय. माका हात लावचोच असतो तर तारल्यांच्या दिवशी लावलो असतो, तेव्हा सगळा गाव वास काढी होतो. साहेब, तुम्ही माझ्या हातांचे फोटो काढा."

"फैसल, यांनी मारलं का?" हवालदारांनी विचारलं.

"नाही."

"तुम्ही मारलं का?"

"नाय, म्हटलंय ना."

"बघा, मारणारा आणि मार खाणारा यांचं इतकं एकमत मी नोकरीत पाहिलेलं नाही," हवालदार म्हणाले आणि स्वतः उठून त्यांना खिडकीपाशी घेऊन आले. तिथे बाबू बाकड्यावर उभे होते. मधल्या वेळात एका कुर्लीची सुतळी सुटली होती आणि तिने रांग विसर्जित केली होती. फैसलचा नंबर आपोआप पहिला लागला. कुर्ल्यांनी आणलेला हा पहिला लाभ.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. स्वप्ना नाव, कणकवलीकडच्या, बोलणं मोजकं. त्यांनी बॅटरीने डोळा पाहिला, पापणी उलटली, भिंतीवरची अक्षरं एकेका डोळ्याने वाचायला लावली. दुखतंय का? नाही. उजेड सहन होतो? होतो. पू, चिकट पाणी? नाही. काही लागलं, टोचलं? नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत? नाहीत.

"आणि हे चिकट काय आहे?"

"मध," चाचा अभिमानाने म्हणाले.

स्वप्नाबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला आणि आधी डोळा स्वच्छ पाण्याने धुवून काढला. मग म्हणाल्या, "डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ पडदा असतो, काचेसारखा. त्याखाली केसाहून बारीक शिरा असतात. शिंक, खोकला, जड उचलणं, कुंथणं, कशानेही दाब वाढला की एखादी फुटते. थेंबभर रक्त पडद्याखाली पसरतं. बोटावर दार आपटलं की नख काळंनिळं होतं ना, तसलाच प्रकार. इथे पडदा पारदर्शक, म्हणून भयंकर दिसतं. दृष्टीला काही होत नाही."

"उपाय काय?" चाचांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे औषध?"

"काही नाही. खुपलं तर अश्रूंसारखे थेंब मिळतात ते घाला. चोळायचं नाही. उद्या-परवा आणखी पसरलेलं दिसेल, घाबरायचं नाही. मग तपकिरी, मग पिवळं होत दोनेक आठवड्यांत जाईल. दुखायला लागलं, अंधुक दिसलं किंवा पुन्हा पुन्हा झालं तर मात्र लगेच यायचं. आणि शिंक कधी धरायची नाही."

'काही नाही' हा उपाय मालवणात आजवर कोणी कोणाला सांगितलेला नव्हता. चाचांच्या चेहऱ्यावर सगळी बंदरं एकदम बंद झाल्यासारखी कळा आली.

स्वप्नाबाईंनी नम्रताला फोन करून संसर्ग नसल्याचं सांगितलं. फैसलचा जीव भांड्यात पडला. मग त्या म्हणाल्या, "असं झालं की रक्तदाब एकदा बघायचा असतो," आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधला. फैसलचा रक्तदाब अगदी योग्य निघाला. चाचांनी न सांगता बाही वर केली. त्यांचाही ठीक निघाला. हा मोम्बासाचा मध, असं ते म्हणाले.

दारात जितेंद्र अजून उभाच होता आणि रांगेतल्या एकेका माणसाला आपण निर्दोष असल्याचं पटवून देत होता. स्वप्नाबाई त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही पण बसा."

"माका काय झाला? माझो डोळो बरो आसा."

"बसा तर."

पट्टा फुगला, सुटला. स्वप्नाबाईंनी जितेंद्रला शांत बसायला लावलं, पंखा लावला, दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. मग तिसऱ्यांदा बघितलं. वरचा आकडा ऐकून गुलामचाचांना, ज्यांना कुठल्याही प्रसंगी एक तरी कप्तान आठवतो, एकही आठवला नाही.

"डोकं दुखतं?"

"दुखता जरा. उन्हाक."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून." जितेंद्रचा आवाज आता खोलीपुरताच उरला होता. "कधी कधी होडयेत उठताना काळोखी येता. चाय घेतली की बरा वाटता."

"घरी सांगितलंय?"

जितेंद्रने नकारार्थी मान हलवली. फैसलने त्याला इतकी वर्षं मागून, बाजूने, टेम्पोच्या काचेतून पाहिलं होतं. इतक्या जवळून, समोरून, बहुधा पहिल्यांदाच पाहत होता. कपाळावरच्या ज्या शिरेला तो माज समजत आला होता, ती नुसती शीर होती.

"ह्यांची शीर डोळ्यात फुटली," स्वप्नाबाई फैसलकडे बोट करून म्हणाल्या, "म्हणून अख्खा गाव ह्यांना घेऊन धावला. तिथे फुटलेली दिसते आणि आपली आपण बरी होते. तुमची कुठे फुटली असती, ते आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला असता. आज घरी जायचं नाही. इथेच राहायचं."

जितेंद्रची बायको जानकी आली तेव्हा त्याला खाटेवर झोपवून गोळ्या दिल्या होत्या. तिने सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याला दोन शब्द सुनावले, डोळे पुसले आणि बाहेर येऊन फैसलसमोर उभी राहिली. ती त्याच्या लाल डोळ्याकडे बघत म्हणाली, "बरी शिंक धरलंस रे, बाबा."

फैसलच्या शिंकेचं हे आयुष्यातलं पहिलं कौतुक. तो गांगरून म्हणाला, "तुमका कुर्ल्यो व्हये?"

जानकीने एक टोपली नेली. दुसरी बाबूंनी बाकड्यावरूनच मागून घेतली. तिसरी गुलामचाचांनी दवाखान्याच्या आवारात लिलावाला काढली आणि हवालदारांनी भुवई उंचावून घेतली. भुवई त्यांनी आश्चर्याने उंचावली होती, पण चाचाही तत्त्वाचेच.

दुसऱ्या दिवशी वेगळीच अडचण उभी राहिली. जितेंद्रला दवाखान्यात ठेवून घेतलेलं, आणि त्याच्या खानावळींना मासे तर हवेत. जानकीने धक्क्यावर येऊन गंगारामभायना विचारलं, ह्यांच्या वतीने बोली कोण लावणार. जो तो आपापल्या टोपलीत बघू लागला. मग एक आवाज आला, "मी लावतंय." तो आपलाच आहे हे फैसलला सगळ्यांच्या नंतर कळलं.

गंगारामभायनी टोपी काढून डोकं खाजवलं. एका माणसाच्या दोन बोल्या, असा प्रसंग त्यांच्या वडिलांच्या काळातही आला नव्हता. विचार करून त्यांनी निवाडा दिला. "डावो डोळो तुझो. उजवो, लाल, तो जितेंद्राचो. लोकांका पण लक्षात ऱ्हवात."

फैसलला डावा डोळा एकटा मिटता येत नसे. मिटायला गेला की तोंडही त्याच बाजूला जाई. त्याने घरी आरशासमोर सराव सुरू केला. बानूने ते पाहिलं, किंकाळी दाबली आणि चाचांना बोलावून आणलं, "बघा हो, ह्येका झटको इलो." चाचा मधाची बाटली घेऊनच आले. त्या बाटलीची नंतर बानूने चपात्यांबरोबर वाट लावली.

शुक्रवार-शनिवार फैसलने दोन्ही डोळ्यांचा धंदा इमानाने केला. सांगितल्याप्रमाणे डोळा आणखी लालभडक झाला, आणि सांगितल्याप्रमाणे कोणी घाबरलं नाही. उलट लोक आता येऊन आपल्या रक्तदाबाचा आकडा सांगू लागले. स्वप्नाबाईंकडे धक्क्यावरच्या माणसांची रांग लागली होती. हौसाबाईने तर साखरही तपासून घेतली, वर दृष्टही काढली, डॉक्टरीणबाईंची. रोज दुपारी फैसल हिशोब सांगायला जितेंद्रच्या खाटेशी जाई. जितेंद्रला बिनमिठाची पेज मिळत होती, आणि ती खाताना त्याचा चेहरा असा होई की एकंदर वैराला अर्थ नाही हे कोणालाही पटावं.

रविवार उजाडला. आणि धक्क्यावर सुरमईची एकच चांगली रास आली.

एकच. रुपेरी, ताठ, डोळे काचेसारखे. आणि त्याच संध्याकाळी जितेंद्रच्या सगळ्यात मोठ्या खानावळीतही कोणाची तरी पार्टी होती. तिथेही सुरमईच हवी होती. फैसल राशीसमोर उभा राहिला. डाव्या डोळ्याला नम्रता दिसत होती, वर्षभराचा धंदा दिसत होता. उजव्याला खाटेवरचा माणूस दिसत होता. त्या क्षणी उजवा डोळा नुसता उघडा ठेवणं इतकं सोपं होतं. कोणी काही म्हणालं नसतं. दुखरा डोळा, मिटला नाही, संपलं.

त्याने गंगारामभायना हाताने थांबवलं आणि जितेंद्रला फोन लावला.

"सुरमई आसा. एकच रास."

पलीकडे खाट करकरली. मग जितेंद्र म्हणाला, "तुका नम्रताच्या लग्नाक व्हयी मा?"

"व्हयी."

"मगे घे तू. माझ्या खानावळवाल्याक मोरी मासो पण चलता, मी सांगतंय तेका." फैसल आभार मानणार तोच तो घाईने म्हणाला, "पण आयक. फुकट सोडू नको. माझ्या डोळ्यान एकदा तरी चढव. जितेंद्र मऊ पडलो असा लोकांनी म्हणूक नको."

"चढवतंय."

"फोन चालूच ठेव. माका आयकूचा आसा."

फैसलने फोन खिशात उभा ठेवला. गंगारामभायनी भाव पुकारला. डावा डोळा मिटला, तोंड थोडंसं डावीकडे गेलं.

"फैसल," गंगारामभाय म्हणाले.

लाल डोळा मिटला. तो आता कडेने पाडाला लागलेल्या आंब्यासारखा पिवळा होऊ लागला होता.

"जितेंद्र चढयता," गंगारामभाय मुद्दाम मोठ्याने म्हणाले. खिशातून समाधानाचा एक हुंकार आला. स्वतःवर भाव चढवून फैसलने डावा डोळा पुन्हा मिटला. गंगारामभायनी 'येक' म्हटलं, 'दोन' म्हटलं, आणि शेजारच्या बाईने सुकटीचं पोतं झटकलं.

शिंक आली. अगदी ओळखीची, बुधवारचीच, जणू कुठेतरी थांबून परत आलेली. अख्खा धक्का फैसलच्या नाकाकडे पाहत होता. तो शिंकला तर दोन्ही डोळे एकदम मिटणार, आणि मग गंगारामभायची तत्त्वं सुरमईला कुठे नेऊन ठेवतील ते कोणीच सांगू शकत नव्हतं. त्याचा हात सवयीने नाकाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला.

तो शिंकला. बंदरातल्या होड्या हलाव्यात असा शिंकला. भिंतीवरचे बगळे उडाले, हौसाबाईचा पदर खाली आला, ढोम्याच्या टोपलीतलं मांजर पळालं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना फैसल मोठ्याने, पोटातून, बुधवारचंही धरून, म्हणाला, "अल्हम्दुलिल्ला."

गंगारामभाय थांबले होते. त्यांनी फैसलला डोळे पुसू दिले. दोन्ही. मग घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून ह्या धक्क्यार शिंकेक बोली धरूची नाय." आणि शांतपणे पुढे, "तीन. फैसल."

खिशातून आवाज आला. "कोणाक गेली?"

"माका."

"चढवलंस मा?"

"चढवलंय. तुझ्यामुळे महाग पडली."

"बरा झाला," जितेंद्र तृप्तपणे म्हणाला. मागे कोणीतरी त्याला पेज आणून ठेवत होतं, वाटीचा आवाज आला. आवाज बारीक करून तो म्हणाला, "आणि फैसल, आता शिंकलंस तेव्हा तू ता काय म्हटलंस..."

"अल्हम्दुलिल्ला."

"ता. पुढची शिंक इली की माझ्या वतीन पण एकदा म्हण."